बुलेट मालडब्यात, स्वार बर्थवर!

मे महिन्यातली सकाळ. घड्याळात जेमतेम नऊ वाजलेले, पण जयपूर जंक्शनच्या पार्सल ऑफिसबाहेर डांबरावर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. एका कोपऱ्यात काळी बुलेट उभी आहे. तिच्या टाकीतले पेट्रोल नळी लावून उतरवले जात आहे. एक पोरगा हेडलाइटभोवती पेंढा लावून वर गोणपाट गुंडाळतो आहे, दुसरा दाभणात सुतळी ओवतो आहे. पाहता पाहता त्या ऐटबाज मोटरसायकलचे गाठोडे होते.

"घोड्याला डोलीत बसवून नेतात का रे कुणी?" बघ्यांमधले पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ शेजारच्या तरुणाला विचारतात.

"मामा, रेसचे घोडे ट्रकमधूनच नेतात की! पुण्याला तुम्हीच दाखवले होतेत."

मामा क्षणभर अडखळतात. मग म्हणतात, "ते रेसचे घोडे. तू काय रेस लावायला निघालायस?"

मामा १९८८ मध्ये बँकेच्या बदलीवर पुण्याहून जयपूरला आले आणि इथलेच झाले. येताना आपली बुलेट त्यांनी सुमारे बाराशे किलोमीटर चालवत आणली होती. भाचा नोकरीसाठी आला, तेव्हा त्याची बुलेट मात्र पुण्याहून रेल्वेने आली. तेव्हापासून घरात हा विषय धुमसतो आहे. आता भाच्याला लेहला जायचे आहे. त्याचा विचार असा की जयपूर ते चंदीगड मोटरसायकल रेल्वेने पाठवावी, आपण रात्रीच्या गाडीने झोपून जावे आणि खरी सफर चंदीगडहून सुरू करावी. मामांना हे पटत नाही. आज दोघे नुसती चौकशी करायला आले आहेत, पण वाद मात्र पूर्ण तयारीनिशी सुरू आहे.

हा वाद या मामा-भाच्यांपुरता नाही. मे-जून उजाडला की जयपूर, पुणे, मुंबई, नागपूर अशा प्रत्येक गावात मोटरसायकलवाल्यांच्या कट्ट्यावर तो रंगतो. एक पक्ष म्हणतो, "गाडी चालवायला घेतली की पाठवायला?" दुसरा म्हणतो, "डोंगर चढायला हात-पाय शाबूत ठेवायचे की हायवेवरच संपवायचे?" दोन्ही पक्षांत अनुभवी माणसे आहेत. मग खरे कोणाचे?

प्रश्न डोंगराचा नाही, सपाट रस्त्याचा

जयपूरहून दिल्ली साधारण पावणेतीनशे किलोमीटर. दिल्लीहून चंदीगड अडीचशे, चंदीगडहून मनाली तीनशे आणि मनालीहून लेह सव्वाचारशेच्या आसपास. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी घटले. तरीही जयपूर ते लेह एका बाजूने साडेबाराशे किलोमीटर होतातच.

यातला चंदीगडपर्यंतचा सव्वापाचशे किलोमीटरचा टप्पा मैदानी आहे. जयपूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाड जाकीट, हातमोजे, पायांत बूट आणि मांड्यांमध्ये तापलेले इंजिन. शाहपुरा, कोटपुतली, बहरोडवरून जाणाऱ्या हायवेवर दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा सोहना-दौसा हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ज्यांना दुरूनच पाहावा लागतो, त्या महाराष्ट्रातल्या मोटरसायकलवाल्यांना हे दुःख नवे नाही. थोडक्यात, मोटारवाल्यांसाठी रस्ते नवे होत गेले, तरी दुचाकीस्वाराला बहुधा जुन्या, गर्दीच्या रस्त्यानेच जावे लागते.

आता रजेचा हिशेब मांडू. भाच्याला शनिवार-रविवार धरून बारा दिवस मिळणार आहेत. जयपूर ते चंदीगड दोन दिवस, तिथून मनाली एक दिवस, मनाली ते लेह वाटेत मुक्काम करून दोन दिवस. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर असल्याने पोहोचल्यावर शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. ती सवय आणि थोडे फिरणे मिळून तीन दिवस धरले. परतीला लेह ते मनाली दोन आणि मनाली ते चंदीगड एक. झाले अकरा दिवस! चंदीगड ते जयपूर या सव्वापाचशे किलोमीटरसाठी उरला फक्त एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस.

हा उरलेला एक दिवस वाचकांनी लक्षात ठेवावा. खरी गोम तिथेच आहे.

"गाडीशी बोलणे व्हायला हवे"

चालवत नेणाऱ्यांचा पक्ष नुसत्या अभिमानावर उभा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांचा पहिला मुद्दा मोटरसायकलच्या ओळखीचा आहे. डोंगरात जाण्यापूर्वी गाडी चार-पाचशे किलोमीटर सलग चालली, की तिच्या कुरबुरी वाटेतच कळतात. चेन सैल पडते आहे, ब्रेक एका बाजूला ओढतो आहे, सामानाच्या पिशव्या डाव्या अंगाला झुकल्या आहेत, अशा गोष्टी बहरोडच्या ढाब्यावर लक्षात आल्या तर शेजारीच मेकॅनिक असतो. त्याच गोष्टी बारालाचा खिंडीच्या चढावर कळल्या तर जवळ कोणीच नसते.

दुसरा मुद्दा अंगाच्या सवयीचा. शहरात रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याला सामान लादलेली गाडी सलग पाच तास चालवण्याची सवय नसते. ती सपाट रस्त्यावर लागलेली बरी, खिंडीत नव्हे.

तिसरा मुद्दा कटकटीचा. पार्सलला दिलेली मोटरसायकल त्याच रेल्वेने येईल याची हमी नसते. ब्रेकव्हॅनमध्ये जागा नसली तर ती मागच्या गाडीने येते, आणि स्वार स्टेशनवर येरझाऱ्या घालतो. खर्चाचे म्हणाल, तर सव्वापाचशे किलोमीटरला बुलेटला सोळा-सतरा लिटर पेट्रोल पुरते. रेल्वेचे भाडे, पॅकिंग, हमाली आणि स्वाराचे स्वतःचे तिकीट अशी बेरीज केली, की पाठवणे स्वस्त पडतेच असे नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जो मामा पुन्हा पुन्हा मांडतात. "अरे, वाटेतला चहा, अनोळखी माणसांशी गप्पा, पंक्चर काढून देणारा चाचा, हे सगळे वगळलेस तर प्रवास म्हणजे काय उरले? नुसते लेहचे फोटो?"

"पाठ एकच आहे, मामा"

पाठवणाऱ्यांचा पक्षही पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे की माणसाजवळ ताकद मोजकी असते. ती कुठे खर्चायची हे ज्याचे त्याने ठरवावे. उन्हात दोन दिवस भाजून निघालेला, पाणी कमी प्यालेला स्वार तिसऱ्या दिवशी घाट चढू लागतो, तेव्हा त्याचे अर्धे लक्ष दुखणाऱ्या पाठीकडे असते. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे. तिथे श्वास घेणे हेच एक काम होते. थकलेल्या माणसाने तिथे जाऊच नये.

दुसरे म्हणजे, सगळेच स्वार अठ्ठावीस वर्षांचे नसतात. पन्नाशीतला नोकरदार, पाठीमागे बायकोला बसवून निघालेला नवरा, पहिल्यांदाच लांबच्या सफरीला निघालेली तरुणी, मणक्याच्या दुखण्यातून बरा झालेला एखादा जुना भिडू, यांनी मैदानी टप्पा रेल्वेवर सोपवला तर त्यांची हौस खोटी ठरते का? रॉयल एनफिल्डची दरवर्षीची हिमालयन ओडिसी दिल्लीहून निघते. तिच्यात सामील होणारे दक्षिणेकडचे आणि महाराष्ट्रातले कित्येक स्वार आपल्या गाड्या आधी रेल्वेने किंवा ट्रकने दिल्लीला पाठवतात. खिंडीत त्यांना कोणी विचारत नाही, की दिल्लीपर्यंत कसे आलात?

"पाठ एकच आहे, मामा," भाचा म्हणतो, "ती कोटपुतलीला खर्च करू की खारदुंगला?"

साऱ्या जगात हीच भांडणे

हा वाद भारतातच आहे असे नाही. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचे छोटे गाव आहे. १९३८ पासून तिथे ऑगस्टमध्ये मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो. देशभरातून लाखो लोक येतात. त्यातले पुष्कळ जण मोटरसायकल मोठ्या गाडीमागच्या ट्रेलरवर बांधून आणतात, गावाबाहेर उतरवतात आणि तिथून मिशा पिळत गावात शिरतात. चालवत आलेले त्यांची यथेच्छ टिंगल करतात. "मी माझी चालवत आणली" असे छापलेले टी-शर्ट घालून मिरवणारेही असतात.

त्याच अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन ही दूर पल्ल्याच्या स्वारांची संघटना आहे. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर, मोटरसायकल चालवणाऱ्याला ती प्रमाणपत्र देते. हे अंतर पार करणारे भारतीयही आहेत. गंमत अशी की इतके कडवे स्वार ज्या संघटनेत आहेत, तीच आपल्या सूचनांमध्ये बजावते की आपली मर्यादा ओळखा, थकवा आला की थांबा, झोपा, मगच पुढे जा.

काही देशांत रेल्वेने या भांडणाची धारच बोथट केली आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफोर्डला एक खास रेल्वे धावते. तीत माणसेही असतात आणि त्यांच्या मोटारी-मोटरसायकलीही. ऑस्ट्रियाच्या रात्रीच्या काही गाड्यांनाही वाहने नेणारे डबे जोडलेले असतात. रात्री झोपायचे आणि सकाळी आपलीच गाडी घेऊन स्टेशनाबाहेर पडायचे. तिथे हा कमीपणा नव्हे, सोय मानली जाते.

आपल्याकडे मात्र बुलेटभोवती मर्दुमकीचे वलय आहे. १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. लष्कर आणि पोलीस यांच्यामुळे तिचा दरारा वाढला. जयपूरजवळही या कंपनीचा एक कारखाना काही काळ होता, पुढे तो बंद झाला. अशा गाडीला गोणपाटात गुंडाळलेले पाहणे म्हणजे फौजदाराला गोधडीत पाहण्यासारखेच! म्हणूनच पार्सल ऑफिसबाहेर मामांचा जीव कळवळतो.

सतरा तासांचे गणित

पण या अभिमानाच्या भांडणात एक गोष्ट बाजूला राहते. ती म्हणजे झोप.

ऑस्ट्रेलियातले संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके ढेपाळते. आपल्या मोटर वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ, पहाटे चारला उठून रात्री नऊला हायवेवर असलेला, ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही असा सज्जन माणूसही कायद्याच्या मापाने जवळजवळ 'प्यालेला' असतो. फरक इतकाच, की पोलिसाच्या यंत्रात त्याची फुंकर निर्दोष ठरते.

मोटारीत चालकाला पेंग आली तर शेजारचा हलवून जागे करतो. मोटरसायकलवर हे भाग्य नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. प्रत्येक अपघात झोपेमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण चूक झालीच तर दुचाकीवर ती किती महाग पडते, हे या आकड्यातून दिसते.

पाठवायचीच असेल तर

रेल्वेने मोटरसायकल दोन प्रकारे जाते. स्वतःजवळ त्याच रेल्वेचे तिकीट असेल तर ती लगेज म्हणून आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून नेता येते. तिकीट नसेल तर पार्सल म्हणून पाठवता येते, पण तेव्हा ती कधी पोहोचेल हे जागेवर अवलंबून असते. दोन्ही वेळा काही गोष्टी पाळायला हव्यात.

● पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी. रेल्वेत पेट्रोल नेण्यास मनाई आहे आणि हा नियम जिवाशी संबंधित आहे. उतरवल्यावर गाडी पंपापर्यंत ढकलत न्यावी लागते, म्हणून जवळचा पंप आधीच विचारून ठेवावा.

● आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स प्रती, स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवावे. कोठून कोठे, कोणाच्या नावे, हे ठळक अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा गाडीला घट्ट बांधावा.

● आरसे काढून घ्यावेत. हेडलाइट, टाकी आणि ब्रेक-क्लचच्या दांड्यांना पेंढा व गोणपाटाचे वेष्टन करून घ्यावे. हँडल लॉक करू नये, म्हणजे हमालांना गाडी वळवता येते.

● बुकिंगच्या वेळी गाडीची किंमत जाहीर करून त्यावरचे टक्केवारीचे शुल्क भरावे. ते भरले नाही तर नुकसान झाल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे भरपाईला वजनाच्या हिशेबाने मर्यादा पडते, आणि ती गाडीच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

● दोन मिनिटे थांबणाऱ्या स्टेशनवर गाडी चढत-उतरत नाही. जास्त वेळ थांबा असलेले किंवा शेवटचे स्टेशन निवडावे. पोहोचल्यावर लवकर सोडवून घ्यावी, नाहीतर ठेवण्याचे शुल्क चढत जाते.

ट्रकने पाठवायची असेल तर बिल्टी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वाहतुकीचा विमा आहे का, हे लेखी विचारावे. 'सब हो जाएगा' यावर विसंबू नये. बदलीच्या गावी मोटरसायकल कायमची नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर तिथली नवी नोंदणी करून घ्यावी लागते.

तिसरी वाटही आहे. मोटरसायकल घरीच ठेवून लेहला पोहोचावे आणि तिथे भाड्याने घ्यावी. पण बाहेरून, अगदी मनालीहूनही, भाड्याने आणलेल्या गाडीवर लडाखमध्ये फिरायला तिथले भाड्याच्या गाड्यांचे व्यावसायिक हरकत घेतात, हे आधीच जाणून घेतलेले बरे. शिवाय विमानाने थेट लेह गाठणाऱ्याला विरळ हवेचा त्रास अधिक संभवतो. पहिले दिवस विश्रांतीचेच ठेवावे लागतात.

मामांनी लपवलेला प्रसंग

संध्याकाळी घरी जेवणाच्या ताटावर पुन्हा तोच विषय निघाला. मामींनी आमटी वाढता वाढता विचारले, "काय ठरलं मग? डोली की घोडा?"

"मामी, मामांना वाटतं मी भित्रा आहे."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताटाकडे पाहतच म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी साली मी पुण्याहून निघालो ना, तेव्हा पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी उदयपूर सोडलं. अजमेरला रात्र झाली. तिथेच मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. पण वाटलं, आता काय, सव्वाशे-दीडशे किलोमीटर तर राहिले. सकाळी बँकेत हजर व्हायचं होतं. किशनगडच्या पुढे कुठेतरी डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. जाग आली ती गाडी हादरली म्हणून. रस्ता सोडून मातीत उतरलो होतो. समोर आठ-दहा हातांवर बाभळीचं झाड होतं. गाडी आडवी झाली, मी बाजूला पडलो. लागलं काहीच नाही. तासभर तिथेच बसून राहिलो."

मामींच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, इतक्या वर्षांत बोलला नाहीत!"

"काय बोलणार? सगळ्यांना सांगत होतो, बाराशे किलोमीटर चालवत आणली. ते ऐकायला बरं वाटायचं."

भाचा घास हातात धरून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मामा, जाताना काही झालं नाही. घर जवळ आल्यावर झालं."

मामांनी पहिल्यांदाच भाच्याकडे सरळ पाहिले. कारण भाच्याने नेमके बोट ठेवले होते. लोक भांडतात ते जाताना गाडी चालवत न्यायची की चढवून यावर. येतानाचा विषय कोणी काढतच नाही. जाताना माणूस ताजा असतो, उत्साही असतो, सावध असतो. वाटेत मुक्काम करायला त्याला लाज वाटत नाही. येताना डोंगर जिंकल्याची धुंदी असते, अंग आंबलेले असते, रजा संपलेली असते आणि रस्ता ओळखीचा वाटत असतो. 'आता काय, आलोच' हे शब्द हायवेवरचे सगळ्यात घातक शब्द आहेत. बारा दिवसांच्या हिशेबात शेवटी उरलेला तो एक दिवस याच शब्दांसाठी राखलेला असतो.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन नवा हिशेब झाला. जाताना भाचा मोटरसायकल चालवतच जाईल. उन्हाच्या आधी पहाटे निघायचे, दुपारी सावलीत थांबायचे, चंदीगडला दोन दिवसांनी पोहोचायचे. गाडीची कुरबूर ऐकायची, मेकॅनिकला दाखवायची. येताना मात्र अकराव्या दिवशी चंदीगडला पोहोचले, की बुलेटची टाकी रिकामी करायची, गोणपाट बांधायचे, पावती घ्यायची आणि रात्रीच्या रेल्वेत बर्थवर आडवे व्हायचे. गाडी एक दिवस उशिरा आली तरी हरकत नाही. ऑफिसला बसने जाता येते.

"आणि स्टेशनवर तिला सोडवायला मी येईन," मामा म्हणाले. "गोणपाट मी माझ्या हाताने काढीन."

"बाटलीभर पेट्रोलही आणा," मामी म्हणाल्या. "नाहीतर दोघे ढकलत याल!"

प्रत्येकाचा हिशेब असाच सुटेल असे नाही. कोणाला रजा जास्त असेल, कोणाची पाठ कमजोर असेल, कोणाच्या गावाहून सोयीची रेल्वे नसेल. पण हिशेब मांडताना जाण्याचे दिवस आधी धरून उरलेल्यात परतीची सोय लावण्याऐवजी, परतीचे दिवस आधी बाजूला काढावेत. मोटरसायकल चालवून आणली की चढवून आणली, हे आठ दिवसांत लोक विसरतात.

जयपूरच्या मोटरसायकलवाल्यांना पाली-जोधपूर रस्त्यावरचे ओम बन्नांचे स्थान ठाऊक असते. डिसेंबर १९८८ मध्ये, म्हणजे मामा ज्या वर्षी बाभळीपाशी वाचले त्याच वर्षी, त्या रस्त्यावर ओमसिंह राठोड हे तरुण बुलेटवरून जाताना झाडावर आदळून गेले. लोककथा सांगते, की पोलिसांनी त्यांची बुलेट ठाण्यात नेली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अपघाताच्या जागी उभी! टाकी रिकामी केली, साखळी घातली, तरी ती परत तिथेच. आज ती बुलेट काचेआड उभी आहे. ट्रकवाले, मोटारवाले, मोटरसायकलवाले थांबून तिला हार घालतात आणि सुखरूप पोहोचव म्हणून हात जोडतात.

कथेवर कोणी विश्वास ठेवावा, कोणी ठेवू नये. पण चालवत नेणाऱ्याने आणि चढवून नेणाऱ्याने, दोघांनीही त्या काचेपुढे क्षणभर थांबायला हरकत नाही. बुलेट परत आली, असे लोक म्हणतात. तिच्यावर बसलेला तरुण परत आला, असे मात्र लोककथाही म्हणत नाही.